वीस पावलं

शालन गेली हे मला भरतेश मगदूमनं सांगितलं. १२ मार्च २०४१, मंगळवार, सकाळी साडेअकरा. मी ओट्यापाशी कांदा चिरत होतो. आमच्या घरात कांदा ती कामावर गेल्यावरच चिरला जायचा.

"आनंदादादा," तो फोनवर म्हणाला, "मार्केट यार्डाजवळच्या दवाखान्यात या. लगेच निघा."

"काय झालं?"

"ताई पडल्या." मग म्हणाला, "ताई राहिल्या नाहीत, दादा."

मी पोचलो तेव्हा ती पडद्याआड होती. भरतेश बाहेर बाकावर बसला होता आणि त्याच्या मांडीवर तिची पर्स होती. नर्स त्याला विचारत होती, "मिस्टर का तुम्ही?" त्यानं मान हलवली आणि माझ्याकडं बोट केलं. पण तोवर त्यानं तिचा रक्तगट सांगितला होता. रक्तदाबाच्या गोळीचं नाव सांगून झालं होतं, सकाळी ती किती वाजता घेतली तेसुद्धा. मला गोळीचं नाव सांगता आलं नसतं. ती पांढरी असते एवढंच मला ठाऊक होतं.

मेंदूत रक्तस्राव झाला, असं डॉक्टर म्हणाले. मी तेव्हा रडलो का ते आठवत नाही. पर्स त्याच्या मांडीवर होती हे आठवतं.

शालन गॅस कंपनीत वास-तपासनीस होती. नळानं घरोघरी येणाऱ्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात सडक्या कोबीसारखा वास येणारं एक रसायन थेंबाथेंबानं मिसळतात. हवेत गॅस साठत गेला आणि पेट घेण्याच्या मर्यादेच्या पाचव्या हिश्शापर्यंत आला, की साध्या माणसाच्या नाकाला तो कळलाच पाहिजे, असा नियम आहे. रसायन किती मिसळलं ते मोजता येतं. पण माणसाला वास येतो का, हे नाकानंच ठरवावं लागतं. म्हणून प्रत्येक लाइनच्या टोकाला जायचं, ठरलेल्या प्रमाणात गॅस आणि हवा मिसळून नळीतून हुंगायची आणि वहीत सही करायची. सांगली-मिरजेत हे काम शालननं बावीस वर्षं केलं.

आमचं घर त्या नाकाच्या तंत्रानं चालायचं. सकाळी फोडणी नाही, उदबत्ती नाही. गजरा तिनं नोकरी लागली त्याच वर्षी सोडला. मी त्याच कंपनीत फिटर होतो. तंबाखू खायचो, ती सोडली. हळदीच्या दिवसांत यार्डाकडून वारा आला की ती धावत जाऊन खिडक्या लावायची.

भरतेशला तिच्या जोडीला दिला तोही नाकामुळंच. तो जैन, कांदा-लसूण खात नाही. व्यसन नाही, अत्तर लावत नाही. "गाडीत आहे का नाही तेसुद्धा कळत नाही," असं ती कौतुकानं सांगायची. मला ती अहो म्हणायची आणि त्याला 'ए भरत्या'. अकरा वर्षं ती रोज आठ तास त्याच्या शेजारच्या सीटवर होती. मला ते खुपायचं. मी कधी बोललो नाही.

*

जूनमध्ये पुण्याच्या प्रयोगशाळेतल्या डॉ. तांबट घरी आल्या. त्यांना भरतेशनंच आणलं. त्यानं बरोबर थर्मासएवढं एक यंत्र आणलं होतं आणि ते दोन्ही हातांनी धरलं होतं.

यंत्राबद्दल मला माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी शालननं त्यासाठी चौदा महिने नाकाच्या दांड्यावर एक पट्टी लावली होती. काम कसं चालतं ते मात्र तांबटबाईंनी सांगितलं.

"आपल्या नाकात चारशेक प्रकारची कुलपं असतात असं समजा. एकेका वासानं त्यातली काही उघडतात. कुलपं आम्ही चिपवर तयार केली. पण अमुक कुलपं उघडली म्हणजे नेमका काय वास आला, तो किती ठळक आला, हे चिपला कुठनं कळणार? शालनताई हुंगायच्या तेव्हा त्यांच्या मज्जातंतूंत काय होतं ते पट्टीनं नोंदवलं आणि त्यावरून यंत्र शिकलं. हे नाक त्यांचं आहे असं म्हटलं तरी चालेल."

"आम्ही याला ताईच म्हणतो," भरतेश म्हणाला.

मी त्याच्याकडं बघितलं. त्यानं मान खाली घातली.

बाईंनी कागद पुढं केला. माणसाच्या नाकावरून केलेलं यंत्र त्याच्या मागं वापरायचं, तर वारसाची संमती लागते. तोवर सहा महिन्यांची तात्पुरती परवानगी असते. ती १२ सप्टेंबरला संपणार होती. मी सही केली नाही, तर यंत्रातलं सगळं शिकणं पुसून टाकावं लागणार होतं.

"आधी चालवून दाखवा," मी म्हणालो.

"तपासणीच्या आधी यंत्र धरणाऱ्या माणसाला हुंगतं," त्या म्हणाल्या. "त्याच्या अंगाला वास असेल तर तपासणी चुकेल, म्हणून ते अडून बसतं." त्यांनी यंत्र माझ्या हातात दिलं. छोट्या पडद्यावर अक्षरं आली: अनोळखी. साबण, घाम, कांदा. तपासणी करता येणार नाही.

भरतेशनं माझ्या हातातून ते घेतलं. पडद्यावर शून्य आलं. खाली हिरवा दिवा.

"याला काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. नाकाला ज्या वासाची सवय होते, तो वास ते सांगायचं बंद करतं. आपल्याला आपल्या घराचा वास येतो का? तसंच. चौदा महिने ताई यांच्या गाडीत होत्या. त्यामुळं ताईंच्या नाकानं यांना शून्य धरलं आणि यंत्रही तेच शिकलं."

"आणि मी? अठ्ठावीस वर्षं मी काय केलं?"

बाई जरा गडबडल्या. त्यांनी टॅबवर नोंदी काढल्या. "पट्टी रोज संध्याकाळी सहा दहाला निघायची. घरी लावणार नाही, अशी अट ताईंनी करारात स्वतःच्या हातानं लिहिलीय. त्यामुळं घरातलं काहीच यंत्रात नाही."

"का लिहिली अट?"

"कारण लिहिलेलं नाही."

मी म्हणालो, विचार करून सही करतो. कागद टेबलावर ठेवून त्या गेल्या. जाताना भरतेशनं यंत्र गाडीत शालनच्या सीटवर ठेवलं आणि त्याला पट्टा लावला. मी खिडकीतून बघत होतो.

*

त्यानंतर मी त्याच्या मागं जायला लागलो. सांगायला लाज वाटते, पण गेलो. स्कूटरवर, भर दुपारी, अंतर ठेवून. कोपऱ्यावर थांबायचो आणि बघायचो. तो यंत्राशी बोलायचा. ओठ हलताना दिसायचे. एकदा विश्रामबागेजवळ कडुलिंबाखाली त्यानं डबा उघडला, यंत्र समोर ठेवलं आणि जेवला. जेवताना तो हसलासुद्धा. माझ्या घरात तीन महिने कुणी हसलं नव्हतं.

मला वाटलं, यानं माझी बायको जिवंत ठेवलीय आणि मला अनोळखी केलंय.

रोज ठरवायचो, सही करायची नाही. पुसू दे. मला नाही तर कुणालाच नाही. मग कागद हातात घ्यायचो आणि वाटायचं, तिची या जगात ही एकच गोष्ट चालू आहे. परत ठेवून द्यायचो.

जुलैच्या शेवटी तो शिवारनगरला गेला. शहराच्या कडेची नवी वसाहत. मुख्य लाइनपासून तिथवर नवा पोलादी पाइप टाकला होता. मी तीस वर्षं पाइपच जोडलेत, म्हणून मला ठाऊक आहे की नव्या पोलादी पाइपची आतली भिंत सुरुवातीचे काही महिने वासाचं रसायन पिऊन टाकते. गॅस पुढं जातो, वास मागं राहतो. म्हणूनच नव्या लाइनचं टोक दर आठवड्याला हुंगायचं असतं.

भरतेशनं टोकाच्या मीटरपाशी यंत्र नळीला जोडलं आणि वहीत लिहून निघून गेला. पाच मिनिटं लागली नाहीत. मला वाटलं, घाईघाईत उरकतोय. ही चूक पकडावी. मी त्याच घराची बेल वाजवली.

दार रुक्साना शिकलगार नावाच्या बाईनं उघडलं. मी जुनं ओळखपत्र दाखवलं.

"आत्ताच एक जण बघून गेला की," ती म्हणाली. "गॅस एवढा आवडला काय तुम्हा लोकांना?"

"एकदा शेगडी बघू द्या. खिडक्या उघडा आधी."

मी बर्नरचं बटण एक क्षण फिरवलं आणि न पेटवता बंद केलं. वाकून हुंगलं. काही नाही. वाटलं, वयानं माझं नाक गेलं. बाईला हुंगायला सांगितलं. तिला काही आलं नाही. तिची सासू आतून आली, तीही वाकली.

"संपलाय वाटतं गॅस," सासू म्हणाली.

आम्ही पाच मिनिटं हवा जाऊ दिली. मग मी लायटर लावला. बर्नर निळा, स्वच्छ पेटला.

दोघी ज्योतीकडं बघत राहिल्या. "मग वास का आला न्हाई?" रुक्सानानं विचारलं. आवाजातली चेष्टा गेली होती.

मी कंपनीच्या आणीबाणीच्या नंबरवर तिथूनच फोन लावला, शिवारनगरच्या गॅसला वास नाही, व्हॉल्व्ह बंद करा. नियंत्रण कक्षातला माणूस म्हणाला, "काका, दहा मिनिटांपूर्वी यंत्रानं 'वास पुरेसा' दिलाय." मी म्हणालो, "तुझ्या यंत्राला नाही, इथल्या दोन बायकांना विचार," आणि फोन रुक्सानाच्या हातात दिला. तिनं त्याला असं काही सुनावलं की पंधरा मिनिटांत व्हॉल्व्ह बंद झाला.

खरं सांगतो, त्या वेळी मला भीतीच्या आधी आनंद झाला. मगदूम सापडला, हा आनंद.

*

तो मला कंपनीच्या गोदामामागं सापडला. रसायनाचा ड्रम पंपाला जोडत होता. हातात मोजे होते, अंगात नेहमीचं निळं जॅकेट. सहा हातांवरून मला सडक्या कोबीचा वास आला.

"हे तू अजून करतोस?"

"सोमवारी नि गुरुवारी. पहिल्यापासून माझ्याकडंच आहे." त्याला व्हॉल्व्हची बातमी कळली होती. चेहरा उतरला होता. "दादा, ताईनं पुरेसा दाखवला होता. मी वहीत खोटं लिहिलं नाही."

"तुझ्या जॅकेटला वास येतोय, भरतेश."

तो जॅकेटकडं बघत राहिला. मला एकदम सगळं दिसलं. यंत्र धरणाऱ्याला हुंगतं, वास असला तर अडतं. पण भरतेश ओळखीचा. ओळखीच्या माणसाची पिशवी वॉचमन उघडून बघत नाही, तसं ते त्याला आत सोडतं. मग गॅसमध्ये मिसळायला आजूबाजूची हवा ओढतं. त्या हवेत जॅकेटमधला वास असतो. यंत्राला वाटतं, वास गॅसचाच आहे.

"ती तुला कधी बोलली नाही? या वासाबद्दल?"

"बोलायची की." तो हसला आणि लगेच त्याचे डोळे भरले. "गाडीतनं उतरलं की पहिलं वाक्य तेच. 'भरत्या, वीस पावलं लांब हो. वारा बघून उभा राहा.' म्हणायची, मला तुझी सवय झालीय, माझ्या नाकाला तू कळणार नाहीस, तेव्हा तू लांबच बरा. मी पावलं मोठ्यानं मोजायचो. सोळालाच थांबलो की वळून ओरडायची, 'अजून चार!'"

अकरा वर्षं माझ्या डोक्यात एक चित्र होतं. नळीजवळ ती दोघं, डोक्याला डोकं लावून. प्रत्यक्षात तिनं त्याला दरवेळी वीस पावलं लांब उभं केलं होतं.

"मग आता कोण लांब उभं राहतं?" मी विचारलं.

तो ड्रमचं झाकण घट्ट करायला लागला.

"तपासणीला दोन माणसं लागतात. ड्रमवाल्यानं यंत्र धरायचं नाही. वहीत दुसरा माणूस म्हणून बिरनाळेचं नाव असतं. कुठं असतो बिरनाळे?"

"त्याला मी ऑफिसातच ठेवतो. सही तेवढी करतो तो." मग हळूच म्हणाला, "दुसऱ्याच्या हातात द्यायला नको वाटलं, दादा. त्याच्या हातात दिलं की ती त्याला अनोळखी म्हणणार, साबण, विडी, सगळं वाचून दाखवणार. मला मात्र काही म्हणत नाही. शून्य दाखवते. तेवढंच मला बरं वाटायचं."

"तुझं नि तिचं काय होतं?"

हा प्रश्न मी अकरा वर्षं तोंडात धरला होता. तो ड्रमशेजारी उभा राहून विचारला.

"काय असणार? ती बोलायची, मी ऐकायचो. रस्त्यानं जाताना दुकानांच्या पाट्या वाचायची. तुमच्यावर चिडलेली असली की तुमचं नाव न घेता 'आमच्याकडं' म्हणायची. आमच्याकडं हे असं, आमच्याकडं ते तसं." त्यानं मोजे काढले. "दादा, तुमच्याकडं ती सहा दहाला यायची. माझ्याकडं कोणच येत नाही."

मला त्याला मारायचं होतं. तो तसाच उभा होता, मारलं असतं तर त्यानं हात वर केला नसता. मी निघून आलो.

*

तक्रार मी दुसऱ्या दिवशी लेखी दिली. अर्जात 'तक्रारीचे कारण' असा एक रकाना होता. मी लिहिलं: जॅकेटचा वास यंत्राला कळत नाही. माझा हेवा लिहिला नाही. तो तिथं लिहायचा असतो का मला माहीत नाही. पण तो नसता तर मी त्या बर्नरवर वाकलोच नसतो.

तांबटबाई पुण्याहून आल्या. रिकाम्या खोलीत भरतेशचं जॅकेट खुंटीला लावलं. वास अजिबात न घातलेला गॅस यंत्राला दिला. यंत्र म्हणालं: धरणारा शून्य, वास पुरेसा. बाई खुर्चीवर बसल्या. "त्या लांब उभं करायच्या हे आमच्या कुणाच्या लक्षातच आलं नाही," त्या म्हणाल्या. "आम्ही नाक घेतलं. वीस पावलं घेतलीच नाहीत."

शिवारनगरमध्ये दोन बारीक गळत्या सापडल्या. त्यातली एक शिकलगारांच्या ओट्याखाली होती. कुणाला काही झालं नाही. भरतेशनं यंत्र हातात धरून पास केलेली त्रेचाळीस ठिकाणं रद्द झाली. यंत्र काढून घेतलं. आता ती ठिकाणं माणसांच्या नाकांनी तपासायची आहेत, तीन-तीन साध्या माणसांनी. एक बिरनाळे, एक मी आणि एक रुक्साना. तिनं आपणहून नाव दिलं. "घरात स्फोट व्हायची वाट बघत बसण्यापेक्षा वास घेत फिरलेलं बरं," म्हणाली.

यंत्र दुरुस्त करता येतं. त्यातलं शून्य पुसायचं. मग भरतेशसुद्धा त्याला अनोळखी होईल. सगळेच अनोळखी. पण त्यासाठीही माझी सही लागते, कारण ते तिच्या नाकातलं काहीतरी काढून टाकणं आहे.

मी बाईंना फोनवर विचारलं, "समजा मी ते घरी ठेवलं. रोज जवळ घेऊन बसलो. तर मला ओळखेल?"

"दीड महिन्यात शून्य दाखवेल."

"मग?"

"मग तुमच्या हातात ते तपासणीला चालणार नाही, काका. काम करायचं असेल तर त्यानं कुणालाच ओळखून चालत नाही."

मी फोन ठेवला. तिनं संध्याकाळी सहा दहाला पट्टी का काढली असेल याचा मी रोज विचार करतो. मी तिला शून्य होऊ नये म्हणून, की घरात मोजण्यासारखं काही नव्हतं म्हणून? मला पहिलं कारण आवडतं. खरं कुठलं ते मला माहीत नाही.

आता मी सकाळी कांदा खात नाही, फोडणी देत नाही. गाडी भरतेशच चालवतो. कंपनीनं त्याला तपासणीतून काढलंय, ड्रमही काढून घेतलाय, गाडी तेवढी ठेवलीय. मी मागच्या सीटवर बसतो. पुढची सीट रिकामी असते, तिथं कुणी बसत नाही. ठिकाणावर उतरलो की तो न सांगता चालायला लागतो आणि मोठ्यानं मोजतो. एक, दोन, तीन. काल तो सतराला थांबला आणि मागं वळून बघत राहिला. बिरनाळेला काही कळलं नाही.

"अजून तीन," मी ओरडलो.

तो तीन पावलं गेला.

मला तेव्हा वाईट वाटलं ते याचं, की त्याच्याशी तिचा हा खेळ होता आणि माझ्याशी नव्हता. मला तिनं कधी लांब उभं राहायला सांगितलं नाही. कामावर कधी नेलंच नाही.

आज ९ सप्टेंबर, मुदतीला तीन दिवस उरलेत. त्रेचाळीसपैकी एकोणतीस ठिकाणं झाली. चौदा राहिली आहेत. संमतीचा कागद टेबलावर आहे. त्यावर सही करायची राहिली आहे.